जुनी इटालियन गाणी टेनरने रोमँटिक ढंगात रेकॉर्ड करावीत का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही लिरिक टेनर आहात, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीतल्या हलक्या आवाजाचे गायक, आत्तापर्यंत जास्त करून दोनिझेत्ती आणि पुच्चीनीचे ऑपेरे गायलायत, आता पियानोबरोबर दहा-बारा जुन्या इटालियन गाण्यांचा अल्बम करायचाय, ज्यांना आपण आरिए आंतिके म्हणतो ती. कानात जील्यी, स्कीपा, पावारोत्ती हे जुने नामवंत टेनर आहेत. आणि एका कोचनी तुम्हाला सांगितलं की हे सगळं बरोक आहे, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं, व्हायब्रेटो (सुरातलं कंपन) काढा, पोर्तामेंतो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नको, भावना आवरा, पियानोवाल्याला मीटर, म्हणजे ठरलेली लय, सोडू देऊ नका. म्हणून विचारताय की रोमँटिक, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या भावनाप्रधान, ढंगात गाणं हे चूक आहे का.

माझं उत्तर आहे, चूक नाही. पण त्याला एक अट आहे. समोर ठेवलेली नोटेशनची प्रत कुठल्या काळातली आहे ते तुम्हाला माहीत पाहिजे, आणि एकदा तो काळ निवडला की मग आवाज, पियानो, टेम्पो, माइक सगळं त्याच काळाशी प्रामाणिक पाहिजे. मी बरीच वर्षं गायकांबरोबर पियानो वाजवतोय आणि कोचिंग करतोय, या गाण्यांवर माझा फार जीव आहे, आणि ती खराब होतात ती रोमँटिक गाण्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केल्यामुळे होतात.

आता ती प्रत. तुमच्याकडे बहुतेक ते शिर्मर प्रकाशनाचं पिवळं चोवीस गाण्यांचं पुस्तक असणार, निदान त्याची फोटोकॉपी तरी, मुंबई-पुणे-गोव्यात वेस्टर्न व्होकल शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे असते कारण परीक्षांना 'कारो मियो बेन' नाहीतर 'सेब्बेन, क्रुदेले' लागतंच. त्या पुस्तकाचं मूळ १८९४ चं, अमेरिकेतलं. आणि त्याच्या मागे उभा आहे अलेस्सांद्रो पारिझोत्ती, रोमचा माणूस, जन्म १८५३, सांता चेचिलिया अकादमीचा सेक्रेटरी. त्याने जुनी हस्तलिखितं आणि जुने ऑपेरे धुंडाळून गाणी काढली आणि मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनाने ती 'आरिए आंतिके' या नावाने छापली, पहिला खंड १८८५ चा. म्हणजे ऑपेराकार वेर्दी अजून हयात होता, त्याचा 'ओतेल्लो' अजून रंगमंचावर यायचा होता, त्या काळातली ही गोष्ट.

पारिझोत्तीला मूळात काय मिळालं असेल ते बघा. काच्चिनी या संगीतकाराच्या 'आमारिल्ली' या गाण्याचं १६०२ चं छापील पान काढलंत तर त्यात दोनच ओळी आहेत, वर गायकाची आणि खाली बेसची, आणि बेसच्या सुरांजवळ इथेतिथे काही आकडे. बस्स. मधली हार्मनी वाजवणाऱ्याने स्वतः भरायची. क्रेशेंदो नाही, पियानिस्सिमो नाही, स्लर नाही, मोदेरातो नाही, म्हणजे जोर, जोडणी, वेग यांची एकही खूण नाही. त्याच्या काळातल्या घरातल्या बैठकीत, पियानोवर, इटालियन बाई किंवा बुवा गाऊ शकतील असं रूप पारिझोत्तीने या गाण्यांना दिलं. सुरुवातीचे पियानोचे तुकडे, भरलेले कॉर्ड, मधल्या आवाजातल्या हलत्या ओळी, डायनॅमिक्स, कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळं. काही ठिकाणी हार्मनीसुद्धा त्याच्या काळाच्या कानाला गोड लागेल अशी बदलली.

आणि काही गाणी तर मुळात जुनी नाहीतच! 'से तू मामी' घ्या. अठराव्या शतकातल्या पेर्गोलेसीचं म्हणून जगभर गायलं जातं, शब्द पाओलो रोल्ली या कवीचे आहेत आणि ते खरेच अठराव्या शतकातले, पण संगीताचा पारिझोत्तीच्या पुस्तकाआधीचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही आणि आता बहुतेक अभ्यासक ते पारिझोत्तीनेच लिहिलं असं धरतात. स्त्राव्हिन्स्कीने १९२० मध्ये 'पुल्चिनेल्ला' या बॅलेत ते पेर्गोलेसीचं समजूनच घेतलं. 'प्येता, सिन्योरे' सतराव्या शतकातल्या स्त्रादेल्लाच्या नावावर खपतं, ते एकोणिसाव्या शतकातलं आहे, कोणी लिहिलं यावर वाद आहेत, पण ते सतराव्या शतकातलं नक्कीच नाही. दुरान्तेचं 'दान्त्सा, दान्त्सा' मुळात आवाज तयार करायचा सॉल्फेजचा धडा होता, शब्द मागाहून चिकटवले. 'कारो मियो बेन' साधारण १७८० च्या दशकातलं, दोन जोर्दानींपैकी कोणाचं यावर भांडण आहे, जुझेप्पे की तोम्मासो, हल्ली तोम्मासोकडे कल जास्त आहे.

मग मला सांगा, 'से तू मामी' सरळ, कोरड्या, व्हायब्रेटो नसलेल्या आवाजात गायचं ते कोणाला प्रामाणिक राहण्यासाठी? ते १८८५ चं गाणं आहे. एकोणिसाव्या शतकात बैठकीची गाणी लिहिणाऱ्या तोस्तीच्या गाण्यांच्या शेजारच्या घरात जन्मलंय. तिथे पोर्तामेंतो, शब्दावरचा छोटा उसासा, ओळीच्या शेवटी हळूच सैल होणारा टेम्पो हे सगळं घरचंच आहे.

तुमच्या कोचचा सल्ला मला पटत नाही तो इथे. पारिझोत्तीचा भरगच्च पियानो तसाच ठेवायचा, खाली त्याचे लुसलुशीत कॉर्ड, आणि वर आवाज मात्र इस्त्री केलेला, ना अलंकार, ना अपोज्यातुरा (मुख्य सुराआधी टेकलेला शेजारचा सूर), ना रंग. हे कुठल्याच शतकात कोणी गायलेलं नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या गायकाने हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं की या माणसाला अलंकार येत नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्याला वाटलं असतं याला काही वाटतच नाही. तुम्हाला खरंच काच्चिनीच्या काळात जायचं असेल तर जरूर जा, तो फार सुंदर रस्ता आहे, पण मग मूळ छापील पान घ्या, थिऑर्बो (लांब मानेचं ल्यूट) किंवा हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं तारवाद्य) वाजवणारा शोधा, खर्जाच्या आकड्यांवरून स्वतः हार्मनी भरणारा, आणि अलंकार शिकायला वेळ द्या. पियानोवर शिर्मर ठेवून ते होणार नाही.

आता यातला एक मोठा गैरसमज, ज्यावर मला जरा जास्त बोलायचंय. "भावना म्हणजे रोमँटिक आणि बरोक म्हणजे शिस्त" असं जे सांगितलं जातं ते काच्चिनीला वाचलं की टिकत नाही. हा माणूस स्वतः टेनर होता, फ्लॉरेन्समध्ये मेदिचींच्या दरबारी. 'ले नुओव्हे मुझीके'च्या, म्हणजे त्याच्या १६०२ च्या गाण्यांच्या पुस्तकाच्या, प्रस्तावनेत तो काय काय मागतो बघा. एकाच सुरावर आवाज वाढवणं आणि उतरवणं. एस्क्लामात्सिओने, म्हणजे सूर लावताच आवाज थोडा सोडायचा आणि मग त्याला परत जोर द्यायचा, ऐकणाऱ्याच्या मनाला हलवायचं हे मुख्य साधन म्हणून तो ते सांगतो. स्प्रेत्सातुरा, म्हणजे ताल-मात्रेला गुलाम न होता बोलल्यासारखं, सहज, थोडं मोकळं गाणं. लांबलचक ताना शब्दांचा अर्थ मारतात म्हणून तो त्यांच्यावर चिडतो. आणि कृत्रिम पातळ आवाजात गाऊ नका, त्यातून गाण्याला खानदानीपणा येत नाही, स्वतःच्या नैसर्गिक आवाजात गा असंही सांगतो. साथीला कितारोने, म्हणजे मोठं ल्यूट, सगळ्यात चांगलं, त्यातही टेनरच्या आवाजाला, हे त्याचंच म्हणणं आहे. म्हणजे 'आमारिल्ली' टेनरने भरल्या मनाने, मोकळ्या लयीत, आवाज फुलवत-मिटवत गाणं हे लेखकालाच हवं होतं.

फरक आहे तो कुठे आणि किती मोठ्या मापात यात. काच्चिनीचा चढउतार एका सुरात, एका शब्दात घडतो, समोर वीस-पंचवीस माणसं बसलीयत आणि बाजूला तारेचं एक वाद्य आहे. रोमँटिक गायकाचा चढउतार चार-चार ओळींचा असतो, हळूहळू भरत जाणारा, आणि त्याचा कळस बहुतेक वरच्या सुरावर. तुमचा आवाज ऑपेरात तयार झालाय त्यामुळे तुम्ही आपोआप दुसरं करणार. त्यात वाईट काही नाही. पण या गाण्यात वरचा सूर हा कळस असतोच असं नाही, कळस शब्दावर असतो, आणि तो शब्द बऱ्याचदा मधल्या पट्टीत, तुमच्या आवाजाच्या कमी चमकणाऱ्या भागात येतो. रोमँटिक ढंगात गाताना टेनर सगळ्यात जास्त घसरतात ते इथे, सूर वरचा म्हणून तो मोठ्याने, शब्द कुठे आहे ते न बघता.

लयीबद्दल पण असंच. तोसी नावाचा कास्त्रातो (लहानपणी शस्त्रक्रिया करून आवाज उंच ठेवलेला पुरुष) गायक-शिक्षक, त्याने १७२३ मध्ये गाण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात तो वेळ चोरण्याबद्दल बोलतो, पण बेस आपल्या जागी ठाम चालू आहे आणि गायक त्याच्या वर मागे-पुढे होतोय अशी ती चोरी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मानुएल गार्सिया हा गायनशिक्षकही साथ लयीत ठेवूनच रुबातो, म्हणजे ही वेळेची चोरी, सांगतो. गायक थांबला की पियानोही थांबायचा, दोघं मिळून ताणायचं, ही पद्धत आपल्या कानात आहे ती त्यानंतर जास्त फोफावली. रेकॉर्डिंगला हा प्रयोग नक्की करा, 'कारो मियो बेन'ची पहिली ओळ घ्या, पियानिस्टला सांगा की तू चालत रहा, माझ्यासाठी अजिबात थांबू नको, आणि तुम्ही 'क्रेदिमी आल्मेन'ला किंचित मागे रहा आणि ओळीच्या शेवटी जाऊन त्याला गाठा. पियानिस्टला आधी फार अवघड जातं, आम्हाला सवयच असते गायकाच्या श्वासाकडे बघून थांबायची. पण हे जमलं की गाणं पातळ न होता भावपूर्ण होतं. जिथे खरंच दोघांनी थांबायचंय, म्हणजे मधला भाग संपून 'कारो मियो बेन' परत येतं त्याच्या आधी, तिथे थांबा, आणि तिथे एकदाच थांबा.

आता तुमच्या कानातले टेनर. त्यांना ऐकूच नका असं मी कधीच सांगणार नाही, फक्त कोणाकडून काय घ्यायचं ते वेगळं वेगळं ठरवा.

कारूसोपासून सुरुवात करा, तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत. १९१८ मधलं त्याचं 'प्येता, सिन्योरे' आणि १९२० मधलं 'ओम्ब्रा माई फू'. हँडेलचं हे गाणं 'सेर्से' ऑपेरातलं, लंडन, १७३८, काफारेल्ली नावाच्या कास्त्रातोसाठी लिहिलेलं, ऑपेरा पाच प्रयोगांत बंद पडला. इराणचा राजा एका झाडाच्या सावलीचं कौतुक करतोय, एवढाच प्रसंग. हँडेलने त्यावर लार्गेत्तो, म्हणजे थोडी संथ लय, लिहिलं, एकोणिसाव्या शतकाने त्याचं 'लार्गो', म्हणजे फारच संथ, करून टाकलं, चर्चमध्ये, लग्नात, मयताला वाजणारं. कारूसो जे गातो ते हे दुसरं गाणं आहे, आणि ते तो पूर्ण विश्वासाने गातो. सूर एकातून दुसऱ्यात ओतल्यासारखा जातो, श्वासाची ओळ कुठे तुटत नाही, आवाज गडद, पण स्वर गिळलेले नाहीत. त्याच्याकडून घ्यायचं ते हे, की रोमँटिक म्हणजे ढिसाळ नव्हे. सूर नेमका लागतो, पोर्तामेंतो मुद्दाम निवडलेल्या जागी येतो आणि बाकी सगळीकडे सूर स्वच्छ सुरू होतो.

स्कीपाचं 'ले व्योलेत्ते', स्कार्लात्तीचं, मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. त्याच्याकडे मोठा आवाज नव्हता, वरचे सूर मोजके, पण शब्द असे ओठांवर ठेवतो की इटालियन न येणाऱ्यालाही कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. तिथे छोटे छोटे शब्द परत परत येतात आणि तो एकदाही तेच परत म्हणत नाही. तुम्ही माइकसमोर गाणार आहात, तीन हजारांच्या थिएटरमध्ये नाही, त्यामुळे स्कीपा तुमच्या कामाचा माणूस आहे.

जील्यीचं 'कारो मियो बेन' गोड आहे, त्याचा अर्ध्या आवाजातला मेत्सा व्होचे कोणालाही भुरळ घालेल, पण हुंदके, शब्दाच्या आधी येणारा 'ह', सुराला खालून वर उचलणं, हे त्याच्या आवाजात शोभलं, उसनं घेतलं की केविलवाणं वाटतं. तेवढं सोडा, मेत्सा व्होचे मात्र शिका. पावारोत्तीच्या रिसायटलची सुरुवात बऱ्याचदा याच गाण्यांनी व्हायची, आवाज गरम करायला आणि प्रेक्षकांना स्थिर करायला. त्याच्याकडून स्वरांचा उजेड घ्या, प्रत्येक 'आ' 'ए' 'ओ' जागच्या जागी, आणि ओळ सरळ. अलंकार तो फारसे करत नाही, तेवढं एक मला त्याच्यात कमी वाटतं.

या जुन्या लोकांचा व्हायब्रेटो पण लक्ष देऊन ऐका. कारूसो, स्कीपा यांचा बराच जलद आणि अरुंद आहे, सुराच्या आतच राहणारा. नंतरच्या मोठ्या ऑर्केस्ट्रावर गाणाऱ्या पिढ्यांचा हळू आणि रुंद होत गेला. म्हणून कोणी तुम्हाला व्हायब्रेटो काढा म्हटलं तर काढू नका, आवाज आवळला जाईल आणि दोन तासांनी घसा बसेल. त्याऐवजी आवाजाचं वजन कमी करा, श्वासाचा दाब थोडा कमी, तोंड थोडं कमी उघडं, शब्द पुढे, मग व्हायब्रेटो आपोआप बारीक होतो.

पोर्तामेंतोबद्दल मराठी गायकांसाठी एक वेगळी सूचना. ज्यांच्या कानात मींड आहे त्यांना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं फार सहज येतं, आणि म्हणून धोका हा की मधला सगळा रस्ता ऐकू येतो. मींडमध्ये तो रस्ताच सुंदर असतो, त्यात वेळ घ्यायचा असतो. इटालियन पोर्तामेंतोत आधीच्या स्वरावर पूर्ण वेळ रहायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी, त्याच स्वराच्या उच्चारावर, पुढच्या सुराला हलकेच स्पर्श करायचा आणि मग नवीन शब्दाक्षर त्या सुरावर उच्चारायचं. आवाज त्यावेळी कमी होतो, वाढत नाही. वाढवत नेलात की ते ओढल्यासारखं होतं. एका गाण्यात दोन-तीन जागा पुरेत, पेन्सिलीने खूण करून ठेवा.

उच्चाराचं सांगतो, कारण इथे मराठी माणसाला देणगी आहे आणि ती वापरली जात नाही. आपण इटालियन शिकतो इंग्रजीतून, त्यामुळे 'तान्तो' चं 'टँटो' होतं. इटालियन त आणि द हे आपल्या त-द सारखेच दातांवरचे, ट-ड नाहीत. 'सेन्त्सा' मधला त्स म्हणजे आपला 'चाक', 'चोर' मधला च, आणि 'चेस्सा' मधला च म्हणजे 'चहा' मधला. दोन्ही आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत! जोडाक्षरंही आहेत, पक्का, अन्न, त्यामुळे 'बेल्ला', 'चेस्सा', 'आमारिल्ली' मध्ये दुहेरी व्यंजनावर क्षणभर थांबणं अवघड जायला नको, आणि तेच या गाण्यांत भाव निर्माण करतं, 'चेस्सा, क्रुदेल' मध्ये स्स वर थांबलात की आवाज वाढवायची गरजच पडत नाही. त्रास होतो तो शब्दाच्या शेवटच्या स्वराचा. मराठीत आपण शेवटचा अ खातो, ती सवय इटालियन शेवटाच्या ए-ओ ला पण लागते, ओळ संपता संपता स्वर विझतो. तो शेवटपर्यंत जिवंत ठेवा, जोर न देता.

अलंकारांबद्दल. तुम्ही म्हणाल की रोमँटिक ढंग निवडला तर अलंकार कशाला. पण रोमँटिक काळातले जुने गायकही अलंकार करायचेच, गार्सियाच्या पुस्तकात पानंच्या पानं भरून नमुने आहेत. जे आहे ते छापलंय तसंच गा हा आग्रह विसाव्या शतकातला. म्हणून 'सेब्बेन, क्रुदेले', काल्दाराचं, १७१० च्या ऑपेरातलं, त्यात पहिला भाग परत येतो तेव्हा तो हुबेहूब गाऊ नका. दोन-तीन ठिकाणी सूर भरा, एक छोटी ट्रिल (शेजारच्या दोन सुरांत झटपट ये-जा), ओळीच्या शेवटी दोन सारखे सूर आले तर पहिला वरून घ्या, अपोज्यातुरा. तेवढं पुरे. पायझिएल्लोचं 'नेल कोर प्यू नोन मी सेन्तो' १७८८ च्या 'ला मोलिनारा'तलं, विनोदी ऑपेरातलं, बेथोव्हेनने त्यावर व्हेरिएशन्स लिहिली इतकं लोकप्रिय. ते हलकं आणि खट्याळ आहे, प्रेमाने टोचलं, चिमटे काढले, चावे घेतले असं तक्रारीच्या सुरात चालतं. टेनर त्याचं शोकगीत करतात. रोमँटिक करा पण रडवू नका, सहा मात्रांचा झोका चालू राहिला पाहिजे.

पट्टीबद्दल घाई करू नका. वरच्या पट्टीची आवृत्ती टेनरसाठी म्हणून ती घेतलीच पाहिजे असं नाही. 'कारो मियो बेन' वरच्या आवृत्तीत 'मी बेमोल', म्हणजे ई फ्लॅट, या पट्टीत आहे, आणि त्यात आवाज पुन्हा पुन्हा तुमच्या पासाज्योच्या, म्हणजे आवाज मधल्या भागातून वरच्या भागात जातो त्या टप्प्याच्या, उंबरठ्यावर जाऊन बसतो, तिथे हलकं रहाणं हे वरचा सी लावण्यापेक्षा कठीण. अर्धा किंवा एक सूर खाली उतरवून शब्द मोकळे होत असतील तर खाली उतरवा. या गाण्यांत कोणी उंचीचे मार्क देत नाही.

पियानोचं. शिर्मरमधला पियानो जसाच्या तसा वाजवला तर डाव्या हातातले ऑक्टेव्ह जड होतात, विशेषतः मोठ्या ग्रँडवर. मी त्यातले बरेच काढून एकच सूर ठेवतो, पेडल अर्धं, आणि मधले कॉर्ड किंचित तोडून, आर्पेज्यो करून वाजवतो. 'आमारिल्ली'त हे फार छान लागतं. रोमँटिक कल्पनेला धक्का लागत नाही आणि तुमच्या आवाजाला जागा मिळते.

रेकॉर्डिंगच्या तांत्रिक बाजूवर थोडंच सांगतो कारण तुमचा इंजिनियर माझ्यापेक्षा जास्त जाणतो, पण त्याने आधी ऑपेराचा आवाज घेतला नसेल तर हे त्याला दाखवा. फिल्मच्या गाण्यासारखा माइक तोंडासमोर नको. ऑपेराचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जातो, आणि त्याची बरीच ताकद तीन हजार हर्ट्झच्या आसपास गोळा झालेली असते, जवळून ती कानाला टोचते आणि मग इंजिनियर ईक्यूने (आवाजातले ठरावीक पट्टे कमी-जास्त करायचं साधन) ती कापतो आणि तुमचा आवाज मेणाचा होतो. दीड ते अडीच मीटर अंतर, खोलीचा आवाज चांगला असेल तर अजून थोडं, आवाज आणि पियानो एकाच हवेत ऐकू यायला पाहिजेत, वेगळ्या खोल्यांत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे हळू-मोठ्यातला फरक यंत्राने कमी करणं, नको, कारण तुमचा सगळा मेत्सा व्होचे तोच खाऊन टाकणार. लेव्हल भरपूर खाली ठेवा. खोलीत एसी आणि पंखे बंद, आणि पावसाळ्यात करत असाल तर ट्यूनर दिवसभर थांबलेला असू द्या, दमट हवेत पियानो दुपारपर्यंत हलतो.

तुकडे जोडून गाणं बनवू नका ही माझी कळकळीची विनंती. ही गाणी दोन-चार मिनिटांची आहेत. कारूसोच्या काळी बारा इंची तबकडीवर साधारण साडेचार मिनिटं मावायची, चुकलं की पहिल्यापासून, आणि म्हणूनच त्या रेकॉर्डिंगमध्ये एक श्वास सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो. पूर्ण टेक घ्या, तीन-चार, त्यातला एक निवडा, फार तर एखादा सूर दुसऱ्यातून घ्या. किंचित तडा गेलेला सूर असला आणि ओळ खरी असली तर तो टेक ठेवा.

क्रम असा सुचवेन की पहिल्या दिवशी 'आल्मा देल कोरे', 'सेब्बेन, क्रुदेले' सारखी स्थिर गाणी, आवाज आणि खोली एकमेकांना समजेपर्यंत. 'प्येता, सिन्योरे' दिवसाच्या शेवटी कधीच नको, ते लांब आहे आणि मधला भाग घसा मागतो. 'आमारिल्ली' दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात शेवटी प्रेयसीचं, आमारिल्लीचं, नाव तीनदा येतं, आणि बहुतेक टेनर तिन्ही वेळा आवाज वाढवत नेतात. त्याच्या आधीच्या ओळीत तो म्हणतो की विश्वास बसत नसेल तर माझी छाती उघडून बघ, आत लिहिलेलं दिसेल. मग ते नाव तो कोणाला ऐकवतोय? ती वाचतेय. तीन वेळा तीन वेगवेगळ्या तऱ्हेने गाऊन बघा, पहिल्यांदा ती वाचतेय तसं, दुसऱ्यांदा हाक, तिसऱ्यांदा स्वतःशी, मग उलट करून बघा, आणि जे तुम्हाला खरं वाटेल ते ठेवा.

परीक्षा किंवा स्पर्धेसाठी हेच गाणार असाल तर मात्र आधी त्यांचा सिलॅबस बघा, काही ठिकाणी आवृत्ती ठरवून दिलेली असते.

आणि अल्बमवर नावं नीट लिहा. स्ट्रीमिंगवर टाकताना संगीतकाराच्या जागी नुसतं 'पेर्गोलेसी' किंवा 'स्त्रादेल्ला' टाकून मोकळे होऊ नका. 'से तू मामी'ला पारिझोत्ती, पूर्वी पेर्गोलेसीच्या नावावर प्रसिद्ध, असं लिहा. 'प्येता, सिन्योरे'ला स्त्रादेल्लाच्या नावावर, एकोणिसावं शतक. 'आमारिल्ली'ला काच्चिनी, आणि पियानोचं रूप ज्या आवृत्तीतलं घेतलंय तिच्या संपादकाचं नाव. तुमच्या पियानिस्टने त्यात बदल केले असतील तर त्याचंही.